डॉबरमनच्या पिल्लाचे कान कापून घ्यावेत का? घरात दोन तट पडलेत

अबोली२२
नमस्कार मंडळी,
आमचं धायरीला बैठं घर आहे, पुढेमागे अंगण. दोन वर्षांपूर्वी आमचा राजा गेला. गावठी होता, चौदा वर्षं राहिला आमच्यात. त्यानंतर कुत्रं आणायचं कुणी नावच काढत नव्हतं. आता अप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या मनाने घेतलंय की डॉबरमन आणायचा. त्यांची तरुणपणापासूनची हौस.

परवा पिल्लं बघायला गेलो. सात पिल्लं, सहा आठवड्यांची, पोटं टम्म फुगलेली, एकमेकांच्या अंगावर पडून झोपलेली. त्यातलं एक उठून माझ्या चपलेचा अंगठा चावायला लागलं. त्याला उचललं तर मागे शेपटीच्या जागी अंगठ्याच्या पेराएवढं भुंडं टोक. सातांचीही शेपटी जन्मल्यावर तिसऱ्या दिवशीच कापली होती, म्हणजे त्या बाबतीत आम्हाला काही विचारायची वेळच आली नाही. निघताना ब्रीडर म्हणाला, "पिल्लू तुमचं ठरलं की पुढच्या दोनतीन आठवड्यांत कान करून देतो. आमचा माणूस आहे, इथेच येऊन करतो. त्याचे पैसे वेगळे."

अप्पा म्हणतात, डॉबरमन म्हटला की उभे कान, नाहीतर लोक लॅब्राडोर समजतील. नवरा दोन्ही बाजूंनी मान डोलावतोय. लेक सातवीत आहे. तिने येताना गाडीत विचारलं, "आई, त्याचे कान दुखत नाहीयेत ना? मग का कापायचे?" मला उत्तर सुचलं नाही.

ज्यांनी हे करून घेतलंय किंवा मुद्दाम टाळलंय त्यांनी कृपया लिहा. दोन आठवड्यांत ठरवायचंय.

मनीमाऊ
नको, नको, नको. आणि लेकीला माझ्याकडून शाबासकी.

जुना_खेळिया
अबोलीताई, इथे बहुतेक जण नको म्हणतील, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी तीस वर्षं डॉबरमन पाळतोय. पुणे, बंगळूर, चेन्नई, कोल्हापूर, सगळीकडच्या शोमध्ये कुत्री उतरवली आहेत.

ही जात एका कामासाठी घडवलेली आहे. जर्मनीत आपोल्डा नावाच्या गावी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लुई डोबरमन नावाचा माणूस कर वसूल करायचा. गावातली मोकाट कुत्री पकडायचं कामही त्याच्याकडे होतं. पैसे घेऊन एकट्याने फिरायचं तर सोबत दांडगा, चपळ आणि धाक वाटेल असा कुत्रा हवा, म्हणून त्याने निरनिराळी कुत्री एकत्र आणून ही जात काढली. झटापटीत समोरचा पहिल्यांदा काय धरतो? कान, नाहीतर शेपूट. म्हणून दोन्ही आखूड ठेवले. हौसेने सुरू झालेली गोष्ट नव्हती ती.

तज्ज्ञ पशुवैद्याने भूल देऊन, नीट मापाने केलं तर पिल्लू संध्याकाळी अंगणात पळतं. माझ्या अकरा कुत्र्यांपैकी एकालाही कधी त्रास झाला नाही. मात्र घरी येऊन करणाऱ्या माणसाच्या हातात पिल्लू अजिबात देऊ नका. ते मी कुणालाच सांगणार नाही.

रानजाई
काका, तुम्ही तीस वर्षं कुत्र्यांवर जीव लावलाय याबद्दल शंकाच नाही. पण धायरीच्या अंगणात त्याने कुणाशी झटापट करायची? करवसुलीला कोण जाणार आहे?

पशुवैद्य_सांगली
जुना_खेळिया म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. पिल्लू संध्याकाळी पळतं. पिल्लं तशीच असतात. पाय मोडलेलं पिल्लूही तीन पायांवर खेळायला बघतं. पळतंय म्हणजे दुखत नाही असा अर्थ काढू नये.

नेमकं काय करतात ते सांगतो, कारण बहुतेक मालकांना फक्त आधीचा आणि नंतरचा फोटो माहीत असतो. पिल्लू साधारण सात ते बारा आठवड्यांचं असताना पूर्ण भूल देतात. कानाची पाळी म्हणजे मधे कूर्चा आणि दोन्ही अंगांनी त्वचा. तिचा बाहेरचा मोठा भाग उभा कापून काढतात आणि कडेने टाके घालतात. इथे काम संपत नाही, सुरू होतं. कापल्याने कान आपोआप उभा राहत नाही. तो आधाराला बांधून, चिकटपट्टीने गुंडाळून ठेवावा लागतो. दर पाचसात दिवसांनी पट्टी सोडायची, जखम बघायची, परत बांधायची. काही आठवडे, काही कुत्र्यांत कित्येक महिने. पट्टी सोडताना खपली निघते. आणि हे सगळं त्या वयात, ज्या वयात पिल्लू माणसाचा हात चांगला की वाईट हे शिकत असतं.

माझ्याकडे एकदा दहा आठवड्यांचं पिल्लू आणलं होतं. असंच घरी येऊन कुणीतरी केलेलं. पिशवीतून बाहेर काढायच्या आधीच खोलीभर वास आला. पट्टी सोडली तर डावा कान वाळलेल्या विड्याच्या पानासारखा आत वळलेला, कडा काळी पडलेली. उजव्या कानाचे टाके उसवून पू भरला होता. भूल दिली होती का विचारलं तर मालक गप्प. पिल्लू ओरडत नव्हतं. मी हात वर उचलला की टेबलाला चिकटून सपाट व्हायचं, एवढंच. वाचलं ते. पण डावा कान निम्मा गेला.

अजून एक. डॉबरमनमध्ये व्हॉन विलब्रँड नावाचा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी आढळतो. त्यात रक्त लवकर गोठत नाही. बाहेरून पिल्लू ठणठणीत दिसतं आणि कापल्यावर रक्त थांबत नाही. आधी तपासणी न करता या जातीच्या पिल्लाला हौसेखातर ब्लेड लावणं मला अजिबात पटत नाही.

मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शेपट्या कापल्या आहेत, हेही सांगायला हवं. तीन दिवसांच्या पिल्लाला भूल देत नाहीत. कात्रीने कापतात किंवा रबर घट्ट बांधून गळून पडू देतात. "नसा अजून तयार नसतात, दुखत नाही" असं आम्हाला शिकवलं होतं. ते चुकीचं आहे. वेदना पोचवणाऱ्या नसा तेव्हा काम करत असतात. वेदना दाबून धरणारी शरीराची यंत्रणा मात्र कच्ची असते. एका सकाळी नऊ पिल्लांच्या शेपट्या कापल्या. आई दाराबाहेर बांधली होती, ती प्रत्येक कळवळण्याला साखळी ताणत होती. त्यानंतर बंद केलं. कुणी मागितलं तर नाही म्हणतो, गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, जाऊ दे.

मनीमाऊ
डॉक्टर, वाचून हात थरथरले. लिहिलंत ते बरं केलंत.

माणदेशी
आमच्या वाडीत मेंढरामागच्या कुत्र्यांचे कान लहानपणी कापायचे. आज्जा म्हणायचा, कान कापला की कुत्रं तिखट होतं, लांडग्याला भीत नाही. मी सातआठ वर्षांचा असताना आमच्या काळूचे कान असेच कापले, हळद आणि चुलीतली राख लावली. काळू पुढं तिखट निघाला हे खरं. पण त्याची बहीण चिमी, जिचे कान तसेच राहिले होते, ती त्याच्याहून तिखट. लांडगा आला त्या रात्री पहिली चिमीच धावली. आज्जाला मी तेव्हा विचारलं होतं, तो म्हणाला, "तिची आई तशी हुती." म्हणजे त्यालाही माहीत होतं, गुण रक्तात असतो, कानात नाही.

आमच्या लोकांनी हे केलं ते जनावर वाचावं म्हणून, शोभेसाठी नाही. चूक होतं, पण त्यामागं लांडगा होता. शहरात त्यामागं काय आहे?

जुना_खेळिया
माणदेशी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. चिमीबद्दल अजून लिहा कधीतरी.

पण एक प्रश्न सगळ्यांना. काम करणाऱ्या कुत्र्यांच्या शेपटीला खरंच जखमा होतात. लांब, बारीक शेपटी भिंतीवर आपटून टोक फुटतं, घरभर रक्त उडतं. बरी होत नाही, मग मोठेपणी कापावी लागते. त्यापेक्षा लहानपणी कापलेली काय वाईट?

पशुवैद्य_सांगली
टोक फुटतं, मीही पाहिलंय. पण किती जणांचं? ब्रिटनमध्ये याचा मोठा अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला. दवाखान्यांत आलेल्या १,३८,२१२ कुत्र्यांत शेपटीला दुखापत झालेली २८१ निघाली. त्यांचा हिशोब असा की एक दुखापत टाळायला सुमारे पाचशे पिल्लांच्या शेपट्या कापाव्या लागतील. तुमच्या घरात सात पिल्लं जन्मली तर त्यांच्यातल्या कुणासाठी आपण कापतोय?

चौकटराजा_७
अवांतर: शेपट्या कापायचं कारण दर शतकात बदलत आलंय. पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला सांगतो की पिल्लाच्या शेपटीचं टोक चाळिसाव्या दिवशी दातांनी तोडलं तर ते पिसाळत नाही, असं मेंढपाळ मानतात. रेबीज टळावा म्हणून शेपूट! पुढे शिकार, मग झटापट, आणि आता शोमधलं रूप. कारण गेलं तरी कात्री राहिली.

वकीलवाडा
कायद्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये जनावराचा अवयव छाटून त्याला विद्रूप करणं हा गुन्हा धरला आहे. अपवादही तिथेच दिलेत: ठरवून दिलेल्या पद्धतीने गुरांची शिंगं काढणं, खच्ची करणं, डाग देणं, वेसण घालणं. कुत्र्याचे कान आणि शेपूट त्या यादीत नाहीत. आता दंड ऐका. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. कित्येक दशकं हा आकडा बदललेला नाही.

२०११ मध्ये भारतीय पशुवैद्यक परिषदेने या दोन्ही शस्त्रक्रिया बंद कराव्यात असं कळवलं होतं. केनेल क्लब, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था, मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. तेव्हापासून सगळं लोंबकळत आहे. म्हणून एखादा डॉक्टर नाही म्हणतो, दुसरा दरपत्रक दाखवतो.

आणि अबोलीताई, ब्रीडर आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू शकत नाही, आणि त्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. २०१७ चे नियम आहेत. नोंदणीचा कागद मागून बघा. दाखवायला कां कू करत असेल तर तिथूनच परत या.

गोंयकार
सगळ्यांचा राग पत्करून विचारतो. आपण बारशाला तान्ह्या बाळाचे कान टोचतो. सोनाराला घरी बोलावतो, बाळ किंचाळतं, आजी साखर चाटवते आणि सगळे हसतात. बाळाची परवानगी कुठे घेतो? माझ्या मुलीचे टोचले तेव्हा मी स्वतः तिचं डोकं धरलं होतं. मग कुत्र्याच्या वेळी एवढी हळहळ का? मुद्दाम भांडायला विचारत नाहीये, मला खरंच हा फरक कळत नाही.

रेवती_ठाणे
गोंयकार, प्रश्न चांगला आहे, आणि मी त्यावर रात्रभर विचार केला.
मला दिसलेला फरक असा. टोचलेलं भोक काडी काढली की बुजू शकतं, कापलेला कान परत येत नाही. दुसरं, मुलगी मोठी होऊन तुम्हाला जाब विचारू शकते. माझ्या पुतणीने विचारलाय. तिने डूल काढून ठेवलेत, घालतच नाही, आणि वहिनींनी ते मान्य केलंय. पिल्लू जाब विचारू शकत नाही, म्हणून त्याच्या बाजूने आपणच दुप्पट विचार करायला हवा. तिसरं, कुत्रा कानांनी आणि शेपटीने बोलतो. बाळ कानाच्या पाळीने बोलत नाही.

तरी तुमच्या प्रश्नाने एक झालं. भाचीचं बारसं पुढच्या महिन्यात आहे, मी बहिणीशी बोलणार आहे.

गोंयकार
पटलं. विशेषतः तिसरं.

विज्ञानशिक्षिका
रेवतीने "शेपटीने बोलतो" म्हटलंय त्यात थोडी भर. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की मालक दिसला की कुत्र्याची शेपटी स्वतःच्या उजव्या बाजूला जास्त झुकून हलते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा समोर आला की डाव्या बाजूला. आपल्या डोळ्यांना हे सहज कळत नाही, पण दुसऱ्या कुत्र्याला कळतं. कॅनडात तर काहींनी खेळण्यातला यांत्रिक कुत्रा केला, कधी लांब शेपटी लावून, कधी आखूड. लांब शेपटी हलत असली की बाहेरची कुत्री बिनधास्त जवळ यायची, स्थिर असली की कचरायची. आखूड शेपटीच्या वेळी त्यांना हा फरक नीट कळत नव्हता.

आपल्या भाषेतसुद्धा बघा ना. कान टवकारणं, कान पाडणं, शेपूट घालणं, शेपटी हलवणं, शेपटावर पाय देणं. कुत्र्याच्या मनातलं सांगायला आपल्याला दुसरे शब्दच नाहीत.

पोपटपंची
आणि "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच". वाडवडिलांनी नळी लावून बघितली, कुणी कापून बघा म्हटलं नाही :)

स्टुटगार्टकर
मी बावीस वर्षं इकडे आहे. डॉबरमनच्या मायदेशात १९८७ पासून कान आणि १९९८ पासून शेपट्या कापायला बंदी आहे. युरोपीय परिषदेच्या १९८७ च्या करारातही शोभेसाठीच्या शस्त्रक्रिया नकोत असं स्पष्ट लिहिलंय. इथल्या तरुण मुलांनी उभ्या कानांचा डॉबरमन फक्त जुन्या फोटोत पाहिलाय. आमच्या शेजारी एक आहे, कारा नावाची. लोंबते, मऊ, दोन्ही बाजूंनी गालावर येणारे कान आणि सायकलच्या टायरएवढी वळणारी लांब शेपटी. टपालवाल्याला तिचा धाक पूर्ण आहे, काही कमी झालेला नाही. ती भुंकली की आमच्या खिडकीची काच वाजते.

म्हणून "खरा डॉबरमन उभ्या कानांचाच" हे वाक्य मला जरा टोचतं. ज्यांनी ही जात काढली त्यांनीच ते सोडून दिलंय. इंग्लंडने तर कान कापलेली कुत्री शोमध्ये घेणं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच बंद केलं.

न्यूजर्सीची_सुमा
इकडे अमेरिकेत मात्र कापणं चालू आहे. पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ पासून शोभेसाठी कापण्याला विरोध केलाय, तर केनेल क्लब म्हणतो जातीचं वैशिष्ट्य टिकवण्यासाठी ते मान्य आहे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात पाटीच लावली आहे, "आम्ही कान, शेपटी कापत नाही, कृपया विचारू नये".

जुना_खेळिया
स्टुटगार्टकर, तुम्ही म्हणता ते मला माहीत आहे. जर्मनीच्या शोचे फोटो मी दर वर्षी बघतो. खरं सांगतो, सुरुवातीला बघवत नव्हते, आता डोळ्यांना सवय व्हायला लागली आहे. पण इथे रिंगमध्ये उतरलं की अजून उभ्या कानांकडेच बघितलं जातं. एकट्याने सोडून दिलं तर कुत्रा मागे पडतो. माझ्यासारख्याची ही अडचण समजून घ्या.

रानजाई
समजते, काका. म्हणूनच तुमच्यासारख्या तीस वर्षांच्या माणसाने आधी सोडलं तर रिंग बदलेल. आम्ही बाहेरून कितीही ओरडलो तरी परीक्षक आमचं ऐकणार नाहीत.

वऱ्हाडी_ऊन
कापलेलं दिसते म्हणून आपण बोलून राहिलो. पण न कापता केलेलं काय? माझ्या बहिणीकडे पग आहे. मोबाईलच्या त्या जाहिरातीनंतर २००३-०४ च्या सुमारास सगळ्यांना पग पाहिजे होता, तेव्हापासून तिच्या घरी पगच. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो. तो बिचारा कूलरसमोर पडून असा श्वास घेते की बाजूच्या खोलीत झोप येत नाही. लोकांना वाटते घोरते, किती गोड. अरे, त्याचं नाकच आत दाबलेलं आहे, हवा जायला जागा नाही. पिढ्यानपिढ्या चपटं चपटं निवडत आणलं. कात्री लावली नाही, पण केलं तेच. उलट कान कापलेलं कुत्रं बरं तरी होते. हे रोज दिवसभर.

पशुवैद्य_सांगली
शंभर टक्के. उन्हाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या पगांना आधी ऑक्सिजन लावावा लागतो, नाव नंतर विचारतो. नेदरलँड्सने २०१९ मध्ये नियम केला की नाकाडाची लांबी कवटीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर त्या कुत्र्यापासून पैदास करायची नाही. नॉर्वेत कॅव्हेलियर या छोट्या कुत्र्याच्या जातीच्या पैदाशीवर, आनुवंशिक आजारांमुळे, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बंदी कायम केली. आपल्याकडे अजून कुणी या विषयाला हातच लावलेला नाही.

बैलपोळा
आमच्याकडे पोळ्याला बैलाची शिंगं साळतात, हिंगूळ लावतात, बेगड चिकटवतात, अंगावर ठसे उठवतात. हेही रूप बदलणंच झालं ना? मग ते पण वाईट का?

माणदेशी
शिंगाच्या टोकाला जीव नसतो, आपल्या नखासारखं. साळणारा जाणता असला तर वरवरच साळतो, आत गेला की रक्त येतं आणि बैल मान झटकतो. आमच्याकडं साळणाऱ्याला बैलाच्या डोळ्याकडं बघत साळायला सांगतात. हिंगूळ पावसात धुऊन जातो. त्या दिवशी बैलाला पुरणपोळी, खांद्याला तूपहळद, औताला सुट्टी. बैलाचा सण आहे तो. कुत्र्याचा कान कापला त्या दिवशी कुत्र्याचा कोणता सण असतो?

हळदीकुंकू
माणदेशी, हा प्रतिसाद जपून ठेवतेय.

डोंबिवली_लोकल
आमच्या सोसायटीतल्या सगळ्या भटक्या कुत्र्यांच्या एका कानाला खाच आहे. नसबंदीवाले कापतात. ते कसं चालतं मग?

पशुवैद्य_सांगली
ते नसबंदीच्या भुलीतच करतात, वेगळं नाही. खाच दिसली की पुढच्या पथकाला कळतं या कुत्रीचं झालंय. नाहीतर तीच कुत्री परत पकडून परत पोट उघडलं जातं. ती खाच त्या कुत्र्यासाठी आहे. दोन्हीकडे कानच कापला जातो, पण कुणाच्या भल्यासाठी हे विचारलं की उत्तर लगेच मिळतं.

शांतीनगर_२बी
कुणी लोंबत्या कानांत जंतुसंसर्ग जास्त होतो म्हणून कापावे असं म्हणेल, म्हणून आधीच लिहितो. माझ्याकडे कॉकर स्पॅनियल जातीचा कुत्रा आहे, कान जमिनीला टेकतात, जेवताना ताटात जातात. कॉकरचे कान कापा असं जगात कुणी म्हणत नाही. मी आठवड्यातून एकदा कापसाने पुसतो आणि जेवताना केसांचा चाप लावतो. नऊ वर्षं झाली.

अबोली२२
मंडळी, सोळा दिवसांनी आले, माफ करा. सगळे प्रतिसाद अप्पांना रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवत होते. पहिले दोन दिवस ते उठून जायचे. तिसऱ्या दिवशी माणदेशींच्या चिमीची गोष्ट वाचली तेव्हा बसून राहिले. त्यांच्या लहानपणी वाईला त्यांच्याकडे असंच एक कुत्रं होतं म्हणे, त्याचं नाव आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. डॉक्टरांनी लिहिलेलं पिल्लाचं वाचताना मला मधेच थांबवलं आणि म्हणाले, "पुढचं नको वाचूस. नाही कापायचे."

नोंदणीचा कागद मागितला. ब्रीडरने आधी उद्या देतो, मग परवा देतो केलं. वकीलवाडा म्हणाले तसं तिथूनच परत यायचं ठरवलं होतं, पण चपलेचा अंगठा चावणारं ते पिल्लू माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी पाचव्या दिवशी कागद दाखवला, बरोबर होता. आठ आठवडे पूर्ण झाल्यावर परवा घरी आणलं. कान जसेच्या तसे. "नंतर पस्तावाल, मग मोठेपणी होत नाही" असं तो दोनदा म्हणाला. अप्पाच म्हणाले, "होऊ नये म्हणूनच नेतोय."

नाव वाघ्या. कान अजून त्याला मोठे होतात. पळताना डावा कान उलटा होऊन डोक्यावर पडतो, आतला गुलाबी भाग दिसतो आणि तो तसाच राहतो. लेक दर वेळी सरळ करून देते. शेपटीचं वाईट वाटतं. आनंद झाला की ते एवढंसं टोक हलवायला त्याला कंबरेपासून सगळं मागचं अंग हलवावं लागतं, आणि दोनदा त्यात तोल जाऊन पडला.

जुना_खेळिया
अबोलीताई, वाघ्याला माझा आशीर्वाद. कानांवरचं माझं मत एका धाग्यात बदललं असं म्हणणार नाही, पण येत्या पिल्लांच्या वेळी माझ्या डॉक्टरांशी बोलणार आहे.

एक मात्र नक्की करा. या जातीला हृदयाच्या स्नायूंचा आजार फार. युरोपातल्या एका अभ्यासात आयुष्यभराचा हिशोब धरता साधारण ५८ टक्के डॉबरमनना तो झालेला आढळला. माझे दोन कुत्रे असेच गेले, एक पाच वर्षांचा, खेळता खेळता. तीन वर्षांचा झाला की दर वर्षी हृदयाची तपासणी करून घ्या, विसरू नका. आम्ही ब्रीडर लोकांनी कानांकडे जेवढं बघितलं तेवढं त्याच्याकडे बघायला हवं होतं.

अबोली२२
काका, लिहून ठेवलं. अप्पांनी फ्रिजवर चिकटवलंय. डॉक्टर, कान किती दिवसांनी पुसायचे? आणि आत किती खोल जायचं?

पशुवैद्य_सांगली
आठवड्यातून एकदा. बोटाला कापूस गुंडाळा, बोट जाईल तेवढंच पुसा, काडी घालू नका. आंबूस वास आला किंवा सारखं डोकं झटकायला लागला तर जवळच्या डॉक्टरांना दाखवा. पुसताना त्याला खाऊ द्या, म्हणजे कानाला हात लावू देईल.